हाडांतली पोकळी

मुलांनो, आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मॅडम मंठा गावातल्या कॉलेजात शिकवतात. संध्याकाळी एसटीने परतल्या की डोळ्यांवर पाणी मारून कॉम्प्युटरसमोर बसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उडणाऱ्या सरीसृपांच्या पंखांच्या हाडांत हवेसाठी किती पोकळी होती, हे त्या जीवाश्मांच्या स्कॅनवरून मोजतात. प्रत्येक आकडा तीनदा मोठ्याने म्हणतात.

सोमवारी त्यांना या कामाचा पीएचडीचा प्रबंध द्यायचा होता. शनिवारी त्या जिन्यातच बसलेल्या दिसल्या.

"काकू, चुकलं हो. पोकळीत माती शिरून तिचा दगड झाल्ता. दोन वर्षं त्यालाच हाड समजून राह्यले."

"तुमच्या मार्गदर्शक सरांच्या लक्षात आलं?"

"न्हाई. बराबर म्हणून सही पण केली त्यांनी."

"मग द्या की तसंच," मी म्हणाले. त्यांचं दमणं मी रोज पाहत होते.

त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला आणि चूक सांगितली. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. त्या फक्त "हो सर" म्हणत राहिल्या. मग कठडा धरून उठल्या.

"पुन्हा पहिल्यापासून मोजते," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या काळजीनंच बोललात काकू, माहिती हाय मला."

ते ऐकून मला त्यांच्याकडे पाहवेना.