तानूबाईच्या घरची श्यामलाबाई

श्यामलाबाई इंदापूरच्या. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून थोरल्या भावाकडे, रघुनाथदादांकडे राहत. १९३१ साली गावातल्या पाच बायकांनी ठरवलं, प्रत्येकीनं एकेक उपाशी घर धरायचं आणि ते उभं राहीपर्यंत सोडायचं नाही. दोन वर्षांत चौघी सुटल्या. कुणाचं बाळंतपण निघालं, कुणाला सासूनं दम दिला. श्यामलाबाई तेवढ्या राहिल्या.

त्यांनी धरलेलं घर जवळच्या वरकुटे गावातल्या तानूबाईचं. तिचा नवरा जोतीराम सडकेची खडी फोडायचा. कपची उडून एक डोळा गेला, पाठोपाठ दुसराही. तानूबाई रानातल्या काटक्या विकी. काटक्या खपल्या तर भाकरी, नाहीतर उकडलेला पाला. मुलगी म्हाळसा सात वर्षांची, पण दिसायची चारची.

दर गुरुवारी श्यामलाबाई पदराला ज्वारी बांधून जात, बहुधा पायीच. म्हाळसाचं डोकं विंचरत, तानूबाईजवळ बसून पाला निवडत. अशी पाच वर्षं गेली. घर उभं राहिलं नाही. पडलं नाही एवढंच.

छत्तीसच्या उन्हाळ्यात तानूबाईला आणखी एक मुलगी झाली. अंगावर दूध नव्हतं. ती पोरीला पेज बोटानं चाटवी. एका गुरुवारी तिनं ते गाठोडं श्यामलाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"बाई, हिला तुमी न्या."

"अगं, आई ना तू तिची?"

"तुमी गुरुवारी येता. शुक्रवारी बी भूक लागतीच की."

"दादांना विचारते," म्हणून श्यामलाबाईंनी पोर परत दिली.

दादांनी ताटावरून मानही वर केली नाही. "ज्वारी नेतेस, मी कधी अडवलं नाही. पण ते मूल या घरात येणार नाही."

"मरेल हो ते."

"अशी किती मरतात! सगळी आणणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई बारामतीला गेल्या. तिथं कालव्याच्या पाण्यावर भाजीचा मळा करणारी साखरबाई ओळखीची होती. महिन्यापूर्वी तिचं तान्हं मूल गेलं होतं, दूध अजून आटलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं दोन दिवस विचार केला. श्यामलाबाई त्याच्या ओट्यावर बसून राहिल्या. सोमवारी तो "आणा" म्हणाला. मिळेल त्या गाडीनं त्या निघाल्या आणि मंगळवारी दुपारी वरकुट्याला पोचल्या.

जोतीराम दारात बसला होता. "पोर काल सांजच्याला गेली," तो म्हणाला.

श्यामलाबाई आत तानूबाईजवळ गेल्या. "तानू, मी बारामतीला तिच्यासाठी दूध मिळवलं होतं गं."

तानूबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मंग जातानाच न्यायची व्हती. बारामतीलाच गेलात न्हवं?"

आणि तेवढं मात्र खरं होतं. पोरीला पोटाशी धरूनच बारामती गाठता आली असती. त्या ओट्यावर पोर रडली असती, तर साखरबाईला पान्हा फुटायला कुणाच्या होकाराची गरज पडली नसती. पाच वर्षं दुसऱ्याच्या भुकेसाठी पायपीट केली आणि नेमक्या वेळी आपण परवानगी मागत फिरलो, हे श्यामलाबाईंना गिळवेना.

पंधरा दिवस त्यांनी अंथरूण सोडलं नाही. मग एक ट्रंक घेऊन दादांचं घर सोडलं आणि वरकुट्यातच कुणाच्या गोठ्याची पडवी मागून घेतली. दादांनी थांबवलं नाही.

"बारामतीला मळ्यात काम मिळेल, सगळेच चला," श्यामलाबाईंनी तानूबाईला एकदा सांगून पाहिलं.

"पोर हितं मातीत हाय," तानूबाई म्हणाली. "तिला टाकून कुठं जाऊ?"

रोज सकाळी दोघी काटक्यांना जात. तानूबाई पुढं, श्यामलाबाई दहा पावलं मागं.