हवा न जाणारं कपाट

मुलांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मराठी तुम्ही सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवीन आणि जे जसं घडलं त्याच क्रमानं सांगेन.

धाकट्या, गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास की डिसेंबरात तू एकटाच इंदूरला येतोयस आणि आई सांगते, हॉटेलात उतर. ‘आजीचं घर असताना हॉटेल कशाला?’ असं तू मला विचारलंस. मी नेटवर्कचं निमित्त करून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

आजवर तुम्ही दोघं समजत आलात की तिथं पोहायचा तलाव आहे म्हणून तुमची आई तुम्हाला हॉटेलात घेऊन जाते. तसं नाही. आपल्या घराच्या मागच्या खोलीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, तू मरता मरता वाचलास. तेव्हा तू अडीच वर्षांचा होतास आणि ताई पाच वर्षांची. कारण होतं तुमच्या आजोबांनी स्वतःच्या हातांनी बनवलेलं एक कपाट. आता तू अठरा वर्षांचा झालास. कुठं झोपायचं ते तू ठरव, पण सगळं माहीत असून ठरव.

आजोबांना तंबाखूचं व्यसन कधीच नव्हतं. पाटबंधारे खात्यात नोकरी होती तोवर त्यांनी विडीसुद्धा ओढली नाही. पण त्यांचे आजोबा संस्थानी फौजेत होते, आणि घरातल्या एकुलत्या एका फोटोत त्यांच्या हातात सिगार आहे. लग्नानंतरच्या पहिल्या खेपेला तुमच्या बाबांनी तो फोटो पाहिला आणि पुढच्या खेपेला सिगारचा डबा आणला. मग दर खेपेला आणू लागले. रविवारी संध्याकाळी आजोबा गच्चीत बसून एक पेटवायचे, अर्धी ओढायचे आणि उरलेली विझवून ठेवायचे. मला वास आवडत नसे. त्या विषयावर आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नसू.

अडचण आली ती आपल्या हवेची. माळव्यातला एप्रिल इतका कोरडा, की डब्यातल्या सिगारी पापडासारख्या तडकल्या. सिगारला बारा महिने बेताची ओल लागते, एवढं आजोबांनी वाचून काढलं आणि ठरवलं, ओल धरून ठेवणारं लाकडी कपाट आपणच करायचं. विकतचं कपाट परदेशातून मागवावं लागलं असतं, आणि इंजिनिअर माणसाला ते कमीपणाचं वाटलं.

“स्वयंपाकघरात मला धड कूलर नाही आणि तंबाखूला थंडावा,” मी म्हणाले.

“तूपण बैस की आत. एक कप्पा तुझ्यासाठी ठेवतो.”

पहिलं कपाट त्यांनी देवदाराचं केलं आणि ते फुकट गेलं, कारण देवदाराचा तेलकट वास सिगारींना लागला. मग तून नावाच्या झाडाचं लाकूड आणलं. ते लालसर असतं, हलकं, वासाला गोडसर. गच्चीत ताडपत्री बांधून त्यांनी तिथं रंधा, पटाशी, करवत असा सगळा पसारा मांडला. सबंध हिवाळाभर घरात भुसा येत होता. कपाटात खिळा एकही मारला नाही. फळ्यांच्या कडा दातेरी कापून एकमेकींत बसवल्या आणि सरस लावला. बाहेरून पॉलिश केलं, आतून लाकूड कोरंच ठेवलं, म्हणजे ते ओल शोषून घेईल. खालच्या कप्प्यात साबणाच्या डबीत स्पंज, आणि स्पंजावर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी.

सगळ्यात जास्त जीव त्यांनी दारात ओतला. जुन्या फ्रिजचं रबर मिळवून ते दाराला आतून सगळीकडे बसवलं. मग मला बोलावून दारात दहाची नोट धरली, दार लावलं आणि म्हणाले, “ओढ.”

मी ओढली. निघेना. जोरात ओढली तर फाटली.

“बघितलंस? हवासुद्धा जाणार नाही.” इतके खूश मी त्यांना निवृत्तीच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

कपाट मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीची खिडकी शेजारच्यांची इमारत उठल्यावर आम्ही विटांनी बुजवून टाकली होती, म्हणून तिथं ऊन येत नसे आणि ती थंड राही. काही दिवसांनी आजोबांना वाटलं, आतली ओल सगळ्या कप्प्यांत सारखी पोचत नाही. म्हणून त्यांनी कम्प्युटरमधला छोटा पंखा आत बसवला आणि वायर बाहेर काढायला मागच्या फळीला बोटाएवढं भोक पाडलं. कपाट परत भिंतीला लावलं. भोक दिसेनासं झालं, आणि दिसेनासं झालं तसं आजोबांच्या डोक्यातूनही गेलं.

तुम्ही येणार त्या उन्हाळ्यात त्यांना सिगारींवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली. खाली बारीक पीठ पडलेलं. मी पाहताच ओळखलं. हळदीत आणि धण्यांत होतो तोच किडा.

गौतमपुऱ्याचे एक शेतकरी त्यांचे जुने स्नेही. ते भेटायला आले तेव्हा आजोबांनी त्यांना ती भोकं दाखवली. मी तिथं नव्हते; त्यांचं बोलणं मला मागाहून कळलं.

“अरे भियाजी, इसमें क्या है!” स्नेही म्हणाले. “गेहूं वाली गोली डाल दो. कीड़े का खानदान साफ.”

ही गोळी इकडे प्रत्येक शेतकऱ्याकडे असते. वर्षाच्या गव्हात कीड होऊ नये म्हणून ती कोठारात ठेवतात. तिचा वायू होतो, कीड मरते, वायू उडून जातो आणि गहू खाता येतो. आमच्या घरात ती कधी आली नव्हती, कारण आम्ही किती तरी वर्षं तयार आटाच आणतो. आजोबांनी विचार केला, तो गहू लोक खातात तर सिगारीला काय होणार? गोळी ठेवायची, आठवडाभर कपाट बंद ठेवायचं, मग गच्चीत नेऊन उघडं टाकायचं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती ठेवली. मला सांगितलं नाही, कारण सिगारचं ते आपण होऊन फारसं काही सांगत नसत. गोळीचा वायू ओलीनं होतो. जितकी ओल जास्त तितका तो भराभर होतो. आणि त्या कपाटात तर त्यांनी मुद्दाम ओल भरून ठेवली होती.

तुम्ही आलात. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुढच्या खोलीतला एसी बंद पडला. बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, सुटलेली. दुसरा एसी होता तो मागच्या खोलीत. मी तिथं अंथरुणं घालायला घेतली. पलंगावर तुमची आई आणि ताई, आणि तू पलंगावरून पडतोस म्हणून तुझी गादी खाली, कपाटाला लागून.

आजोबा दारात येऊन उभे राहिले. “इथं झोपवणार?”

“मग कुठं? तुम्ही ठेवलेल्या त्या कप्प्यात?”

ते हसले नाहीत. आत आले, कपाटाच्या दारावर तळहात दाबला, रबरावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मला वाटलं, मुलं धक्का लावतील अशी काळजी करतायत. मग ते म्हणाले, “ठीक आहे,” आणि मेकॅनिकला आणायला निघून गेले.

त्या खोलीबाहेरच्या बोळात मी वर्षाचा लसूण पसरला होता. माळव्यात उन्हाळ्यात घरोघरी असतो तसाच. तुमची आई पलंगावर पडता पडता म्हणाली, “आई, काय गं हा लसणीचा वास! डोकं उठलं माझं.”

“दार लावून घे, म्हणजे येणार नाही,” मी म्हणाले.

तिनं दार लावलं. खालच्या फटीत मी पायपुसणं सरकवलं, थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून. त्या गोळीच्या वायूलाही लसणासारखाच वास येतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

चहाच्या वेळी मी दार उघडलं. तू गादीवर बसला होतास. रडत नव्हतास. पुढ्यात ओकारी झालेली. तुमच्या आईला उठवत नव्हतं. ती म्हणाली, डोकं फुटतंय. ताई तेवढी टुणटुणीत होती. कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाली, “आजी, बघ, पाल उलटी झोपलीय.”

मी पाहिलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, तुम्हाला लू लागली. कैरीचं पन्हं दिलं. ते तू उलटून टाकलंस. मग मी तुझे हात हातात घेतले. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि तुझे हात बर्फासारखे होते.

तेवढ्यात आजोबा मेकॅनिकला घेऊन आले. मी तुला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मेकॅनिकला तसंच दारात सोडलं. आम्ही सगळे गाडीत बसलो. गाडी आजोबा चालवत होते. नंतर कधीतरी मला म्हणाले, सिग्नलला थांबलो की मी मनात एकच म्हणायचो, नोट निघाली नव्हती, नोट फाटली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला तपासलं, तुझ्या आईकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “घर में गेहूं की गोली तो नहीं रखी है?”

“नाही, डॉक्टर,” मी लगेच इंग्रजीत सांगितलं. “आम्ही गहू साठवत नाही. आटा विकत आणतो.”

“पक्का?”

“पक्का.”

माझ्या मागून आजोबांचा आवाज आला. “रखी है.”

मी वळले. ते भिंतीला टेकून उभे होते.

“कहां?”

“अलमारी में. सिगार की अलमारी में. उसी कमरे में.”

डॉक्टर पुढे काही विचारत बसले नाहीत. तुला आत नेलं. बाहेर येऊन म्हणाले की या विषावर उतारा असा नाही, हृदय टिकवून धरायचं आणि वाट पाहायची. तुमच्या आईला शेजारच्या वॉर्डात सलाइन लावलं. ती लवकर सावरली. तू सावरत नव्हतास. काचेतून मला यंत्रावरची तुझी रेघ दिसायची. ती कधी सुरळीत चालायची, कधी मध्येच अडखळायची. अडखळली की आत नर्स धावायची आणि आजोबा काचेपासून मागे व्हायचे.

दुसऱ्या दिवशी तुमची आई उठून आमच्या बाकापाशी आली. उभीच राहिली.

“बाबा, आम्हाला तिथं झोपवलं तेव्हा तुम्ही आलात.”

“आलो.”

“कपाटाला हात लावून पाहिलात.”

“दार घट्ट होतं गं. मी स्वतः—”

“मला विचारायचं तरी होतं, बाबा. मला सांगायचं तरी.”

ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तू डोळे उघडून पाणी मागितलंस, डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला, त्या क्षणी ती माझ्या गळ्यात पडली. आजोबांजवळ गेली नाही.

दवाखान्यातून ती तुम्हाला घेऊन थेट हॉटेलात गेली. सामान मी पोचवलं. पुढची काही वर्षं तुझ्या हृदयाच्या तपासण्या होत राहिल्या. छातीवर गार जेली लावायचे म्हणून तू चिडायचास, ते तुला आठवत असेल. तिकडे कशासाठी नेतात हे तुला कुणी सांगितलं नाही. तुमची आई दर खेपेला घरी येते, पुढच्या खोलीत बसते, चहा घेते आणि ऊन उतरायच्या आत तुम्हाला घेऊन निघते. मागच्या खोलीकडे जायला लागतो तो बोळ तिनं तेव्हापासून ओलांडलेला नाही. मी तिला कधी आग्रह केला नाही. तुलाही करणार नाही.

आजोबांनी त्या आठवड्यात गवंडी बोलावून मागच्या खोलीची दुसरी भिंत फोडली आणि अंगणाकडे मोठी खिडकी काढली. कपाट भिंतीपासून ओढलं तेव्हा त्यांना ते भोक दिसलं. खूप वेळ ते त्याच्यापाशी उकिडवे बसून होते. तुमच्या बाबांना त्यांनी एकच फोन केला आणि सिगारी आणू नका म्हणाले.

मी हे लिहिते आहे ते आजोबांना माहीत आहे. काल त्यांनी विचारलं, “भोकाचं लिहिलंस?”

“लिहिलं,” मी म्हणाले.

“आणि मी हात लावून पाहिलं ते?”

“तेही.”

“बरं,” म्हणाले, आणि अंगणात गेले.

कपाट अजून आहे. गच्चीत, पाण्याच्या टाकीखाली. दार त्यांनी काढून टाकलं. इतक्या वर्षांच्या उन्हापावसात तूनचं लाकूड काळं पडलं आहे. पण त्याचा एकही सांधा अजून सुटलेला नाही.