गरवं भात आणि अंदमानचं तिकीट

आमचं लग्न वैशाखात झालं आणि हनिमून ठरला दिवाळीनंतर. पावसाळ्यात बेटांवरच्या बोटींचा भरवसा नसतो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. शिवाय नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला. त्याला वर्षातून एकदाच काय ती सलग सुट्टी मिळते, तीही दिवाळीच्या सुमारास. तोपर्यंत त्याची एक पाळी, माझी दुसरी, अशी आमची गाठ जेवणाच्या ताटावरच पडायची.

अंदमान माझ्याच डोक्यातलं. शहापूरच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात मी काम करते. सातबाऱ्यापासून पासपोर्टपर्यंत सगळी कामं आमच्याकडे होतात. लोकांची विमानाची तिकिटं काढता काढता एकदा तरी त्या चौकटीत स्वतःचं नाव टाकायचं, असं मनाने घेतलं होतं. नवऱ्याने महाबळेश्वर सुचवून पाहिलं. मी म्हटलं, माहेरी दारात माहुली, सासरी पाठीशी माळशेज, डोंगर काय कमी पडलेत आपल्याला? मला अशी जागा बघायची होती जिथून कुठल्याही बाजूला चाललं तरी पाणीच लागेल. तो म्हणाला, "तू फॉर्मवाली, तूच काय ते ठरव." मी ठरवलं. स्वस्तातली तिकिटं दिसली ती लगेच काढून टाकली. ती रद्द केली तर काही परत मिळणार नव्हतं, पण रद्द कशाला होतायत, असा माझा तोरा.

मग घरात सांगितलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अंदमान? म्हंजे काळं पाणी ना गो? ती तं शिक्षा असतं. काय गुन्हा केला आमच्या पोरानं?"

"लगीन केलं ना," नवरा म्हणाला. आत गेल्यावर मी त्याला चांगला चिमटा काढला.

मामा मात्र हसले नाहीत. सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात. त्यांनी फक्त विचारलं, "कंदी?" मी सांगितलं, भाऊबीज झाली की आठ-नऊ दिवसांनी. ते उठले आणि पडवीत जाऊन बसले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला थेरं आवडली नाहीत. मी मनातल्या मनात भांडणाची तयारीही केली. पण भानगड वेगळीच होती आणि ती मीच करून ठेवली होती.

माझं माहेर शेणव्याचं. आमची खाचरं उतारावरची, त्यात पाणी फार दिवस राहत नाही. म्हणून आमच्याकडे हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं. दसऱ्याच्या आगेमागे कापायचं, दिवाळीला नवे तांदूळ घरात. लहानपणापासून दिवाळी म्हणजे रिकामी शेतं, हेच माझ्या डोळ्यांपुढे. सासर मुरबाडकडचं, नदीच्या अंगाला. तिथे खाचरात उशिरापर्यंत पाणी राहतं, म्हणून तिथे गरवं भात. ते सावकाश पिकतं आणि कापणीला येतं तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. ऐन आमच्या विमानाच्या आठवड्यात.

आषाढात त्याची लावणी मी स्वतःच्या हाताने केली होती. चिखलात दिवसभर वाकून रोप लावलं, पण हळवं की गरवं, एवढं विचारायची अक्कल मला सुचली नाही. लोकांच्या फॉर्ममधली एका अक्षराची चूक पकडणारी मी! नवऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मला वाटलं तू विचारलं असशील." आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती त्याची वर्षाची एकुलती एक सुट्टी दरवर्षी कापणीलाच जात होती. मामा, आत्या आणि तो, अशा तिघांनी आठ-दहा दिवस खपून ते भात काढायचं, असा त्यांचा रिवाज. मजूर म्हणावा तर त्या दिवसांत ज्याचं त्याचं भात उभं. यंत्र म्हणावं तर ओल्या खाचरात रुतून बसतं. मामांचा गुडघा गेल्या दोन वर्षांपासून बोलायला लागला होता.

शेजारच्या काकी मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "पयल्याच वर्षाला भात उभं टाकून फिराया गेली, असं म्हणतील गो. बाईचं नाव एकदा पडलं का पडलं." मला असा राग आला! जास्त राग त्या खरं बोलल्या म्हणून आला.

नवरा म्हणाला, पुढल्या वर्षी जाऊ. हे 'पुढल्या वर्षी' मला चांगलं माहीत आहे. दुकानात मी असे पासपोर्ट पाहिलेत, ज्यांची मुदत संपली पण आत एक शिक्का नाही. हौसेने काढलेले, मग पुढल्या वर्षी, मग त्याच्या पुढल्या. मी नवऱ्याला सांगितलं, "जायचं म्हणजे जायचं. आणि भातही उभं ठेवायचं नाही."

"कसं?"

कसं ते मलाही त्या क्षणी ठाऊक नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, की चूक जिथे झाली उत्तरही तिथेच आहे. शेणव्याचं हळवं आधी निघतं, म्हणजे गरवं पिकेल तेव्हा माहेरची माणसं मोकळी. आणि आमच्या वाडीत सावड अजून चालते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, पैशाचा विषय नाही. सासरच्या गावात ती केव्हाच मोडली, कारण तरणी पोरं सगळी कल्याण-भिवंडीला कामाला.

मी मामांपुढे जाऊन उभी राहिले आणि बोलून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"व्याह्याच्या माणसांनी माझं भात कापायचं? उद्या लोक म्हणतील, पोरगी दिली आन् गडी पन त्यांनीच पुरवले."

"गडी नाय मामा, सावड."

"सावड? आपुन काय केलंय त्यांच्या शेतात?"

माणूस बरोबर बोलत होता. पण ते मान्य करणं आणि माघार घेणं यात फरक आहे. मी म्हटलं, "केलं नसेल तर करू."

दसऱ्यापासून दर आठवड्याच्या सुट्टीला आम्ही दोघं सकाळी मोटारसायकलवर शेणव्याला. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता, त्यामुळे माहेरचं भातही मागे पडलं होतं. वाडीतल्या ज्या ज्या घराने माणूस द्यायचं कबूल केलं, त्या त्या घराच्या खाचरात आम्ही उतरलो. नवऱ्याला आपल्या शेतात कापायची सवय, लोकांच्या शेतात पुढे-मागे बघणारे डोळे असतात. पहिल्या दिवशी त्याने बोट कापून घेतलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या आठवड्याला त्याची ओळ माझ्या पुढे गेली होती आणि मीच मागून ओरडत होते, "दमानं घे रे, शर्यत नाय लागली."

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. जावयाच्या हातात विळा बघून ती कानकोंडी व्हायची. त्यातून आमचा पहिला दिवाळसण. जावयाला पाटावर बसवायचं, नवे कपडे द्यायचे, गोडधोड करून त्याला तृप्त करायचं, असं तिने लग्नापासून मनात मांडलेलं. जावई सकाळी ओवाळून घेऊन नवा शर्ट घडी करून ठेवायचा आणि जुनं बनियन घालून खळ्यावर झोडणीला निघायचा. माझी चुलती त्याच्या हातातली भाताची पेंढी ओढून घ्यायची, तो परत ओढायचा. "अवं सोडा जावयबापू, आमाला पाप लागंल!" "मावशी, माझं विमान चुकलं तर ते पाप कुणाला लागंल?" अख्खं खळं हसायचं. मला त्याचा अभिमान वाटला. लग्नात वाटला नव्हता तेवढा वाटला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

पण माझं निम्मं मन मुरबाडकडे होतं. माणसं जमली होती, दिवस ठरला होता, वडिलांनी टेम्पोही बोलून ठेवला होता. फक्त मामा हो म्हणाले नव्हते. ते नाही म्हणाले असते तर एकवेळ भांडता आलं असतं. ते नुसतं ऐकून शेताकडे निघून जायचे. विमान, बेट, तारीख, यातलं एक अक्षर त्यांनी त्या दीड महिन्यात तोंडातून काढलं नव्हतं. आणि ज्याचं शेत तो नको म्हणाला, तर टेम्पोभर माणसांनी बांधावर उभं राहून काय करायचं? मी माझ्या माणसांचा अपमान करून घेणार नव्हते. मग तिकिटं फाडावी लागली असती. फोनमधली तिकिटं फाडता येत नाहीत, हा वेगळा विषय.

पाडव्याच्या दिवशी आम्ही घरापुढच्या खळ्यावर होतो. रस्त्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पायवाटेवरून एक माणूस येताना दिसला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, एक पाय जपून टाकत. नवऱ्याच्या हातातली पेंढी तशीच वर राहिली. "बाबा," तो म्हणाला.

मुलीच्या पहिल्या दिवाळसणाला व्याही असा न सांगता आलेला आमच्या वाडीने पाहिला नव्हता. काहीतरी वाईट झालं, असंच सगळ्यांना वाटलं. माझे वडील धावले, चटई आणा, चहा टाका, असा गोंधळ उडाला. आई डोक्यावरचा पदर सावरत दारामागे गेली. मामांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"व्याही, बसाया नाय आलो मी. ही पोरं दसऱ्यापासून इथं राबतात. पन सावड पोरांची नसतं, घराची घराशी असतं. घर अजून माझ्या नावावर हाय. मी हात लावल्याबिगर तुमची माणसं माझ्या शेतात कशी घेऊ?"

वडील म्हणाले, "अवो पन तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा हाय, मी बघतो. पेंढ्या कुठं हायत?"

आणि ते झोडायला लागले. वडील त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. दोन व्याही एकाच फळीवर समोरासमोर भात झोडत होते. मी तोंड फिरवून, भुसा गेल्याच्या बहाण्याने डोळे पुसले. खरं सांगायचं तर मी रडत होते. दीड महिना मी त्या माणसाला अडमुठा समजत होते, आणि तो बिचारा फक्त ताठ मानेने माणसं घेता यावीत म्हणून वाट शोधत होता.

पुढचं सगळं नीट झालं. शेणव्याची माणसं आली, दोन दिवसांत गरवं आडवं झालं, भारे खळ्यावर आले. बेटावर आम्ही पाच दिवस राहिलो. पाणी खरंच हिरवं-निळं होतं, पण पहिल्या दिवशी त्यात उतरलो तेव्हा दोघंही ओरडलो, कारण विळ्याचे आणि भाताच्या पातीचे ओरखडे खाऱ्या पाण्यात सणकून झोंबले. आजूबाजूची जोडपी आमच्याकडे बघत राहिली. फोटोंत आमचे हात लपवलेले दिसतात.

पण हनिमूनला निघाले असं मला वाटलं ते विमानतळावर नाही. ते वाटलं पाडव्याच्या संध्याकाळी, शेणव्याच्या रस्त्यावर. मामा एसटीची वाट बघत उभे होते. आईने दिलेला फराळाचा डबा काखेत, अंगभर भुसा. वाडीतले बरेच जण पोचवायला आले होते. एसटी वळणावर दिसली तशी त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि आमंत्रण केलं.

"आठ दिवसांनी माझं गरवं तयार व्हतंय. या सगळी. सकाळी लौकर या, पोरांना विमान गाठायचंय."