अक्काची नामं, माझी क्रियापदं

नंदिगड्ड्याच्या हायस्कूलला इंग्रजीच्या नव्या बाई आल्या आणि आमच्या होमस्टेच्या मागच्या खोलीत राहू लागल्या. धारवाडकडच्या, कानडी बोलणाऱ्या आणि स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा असलेल्या. माझ्या थोरल्या जावेनं, म्हणजे अक्कानं, त्यांना पहिल्याच दिवशी गाठलं.

"बाई, दोन्ही वेळचं आमच्यातच जेवा. तेवढं आम्हा दोघींना इंग्लिश शिकवा."

"दोन्ही वेळचं?" बाई म्हणाल्या. "मग व्याकरणासकट शिकवते."

गरज खरीच होती. बेंगळुरूचे, गोव्याचे पाहुणे आले की हिंदीवर भागायचं. पण पक्षी बघायला परदेशी माणसं यायला लागली होती, आणि आमचे दोघींचे नवरे जीप घेऊन बाहेर पडले की या पाहुण्यांपुढं आम्ही नुसत्या हसत उभ्या राहायचो. हसून हसून गाल दुखायचे.

बाईंनी सुरुवात सोपी केली. वस्तूचं, माणसाचं नाव असेल ते नामपद, म्हणजे आपलं नाम. काम सांगेल ते क्रियापद. कानडीत आणि मराठीत हे शब्द जवळपास सारखेच, त्यामुळं तिथं अडलं नाही. अडलं ते वेळेवर. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता किती शिकणार? शेवटी अक्कानंच वाटणी केली. स्वयंपाकघर तिच्याकडं होतं, म्हणून राइस, कर्ड, फिश, स्पून, प्लेट अशी नामं तिनं घेतली. खोल्या आणि अंगण माझ्याकडं, म्हणून ओपन, क्लोज, ब्रिंग, वॉश ही क्रियापदं माझी. पाहुण्यापुढं आम्ही जोडीनंच जायचो. मी म्हणायचे "ब्रिंग?" आणि अक्का म्हणायची "टी?" पाहुणा दोघींकडं आळीपाळीनं बघायचा आणि मान हलवायचा. वाक्य पुरं व्हायचं.

पहिलं भांडण वॉटरवरून झालं. बाईंनी मला शिकवलं, 'वॉटर द प्लांट्स', झाडांना पाणी घाल. यात वॉटर हे क्रियापद.

अक्काच्या हातातली भाकरी तव्यावर करपायला आली. "पाणी माझं हाय! मी कालच पाठ केलंय."

"तुमचंही आहे, यांचंही आहे," बाई म्हणाल्या. "मिल्कचंही तसंच. मिल्क द बफेलो, म्हशीची धार काढ."

"दूध बी गेलं?" अक्का माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी तिच्या शिंक्यावरचं भांडं उतरवलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, इंग्रजीत शब्द कुणाचा ते त्याच्या तोंडावरून कळत नाही, तो वाक्यात बसलाय कुठं ते बघायचं. अक्कानं करपायला आलेली भाकरी उलटली आणि एकदम म्हणाली, "आपल्यात बी हाय की गं. हा पोरांचा खेळ, आणि जा, अंगणात खेळ. शब्द एकच!" त्या आनंदात तिनं मला वॉटर देऊन टाकलं. मिल्क मात्र ठेवलं.

बाई अधूनमधून सर्वनामांचंही सांगायच्या. ही, शी, दे. पण ती ना स्वयंपाकघरात लागायची, ना खोल्यांत. आम्ही ती दोघींनीही सोडून दिली.

माघात उळवीची जत्रा आली. अक्काच्या माहेरची माणसं बैलगाड्यांनी येणार होती, म्हणून त्यांना भेटायला ती दोन दिवस उळवीला गेली. जाताना म्हणाली, "सांभाळ गं."

"नामं कोण सांभाळणार?" मी विचारलं. तोवर ती जीपमध्ये बसलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात एक वयस्कर परदेशी जोडपं होतं आणि मी होते. दीर अक्काबरोबर उळवीला, नवरा दुसऱ्या पाहुण्यांना आणायला कॅसलरॉक स्टेशनवर, बाई शाळेत. न्याहारी माझ्या क्रियापदांवर पार पडली. "सिट. ईट. ड्रिंक." पाहुणेबाई शाळेतल्या मुलीसारख्या निमूट बसल्या, खाल्लं, प्याल्या. मग दोघं कॅमेरा घेऊन निघाले ते थेट ओढ्याकडच्या उंच झाडाच्या दिशेनं.

त्या झाडावर आग्या मोहोळ होतं. पहाटेच एका घारीनं त्यावर झडप घातली होती, आणि खवळलेल्या माश्यांचं घोंघावणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. मी झाडू टाकून धावले.

"स्टॉप! स्टॉप!"

दोघं थांबले. आजोबांनी काहीतरी विचारलं. काय आहे, असंच असणार. मधमाशीला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. मी वर हात केला. उडतात, असं सांगायचं होतं.

"फ्लाय!"

"फ्लाय?" आजोबा हसले, बायकोकडं वळून काहीतरी बोलले, "नो प्रॉब्लेम" म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले.

माझा धीर सुटला. "नो! बाइट! क्राय! रन!" असं ओरडत मी त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिले, दोन्ही हातांचे पंख केले, तोंडानं घूंऽऽ असा आवाज काढला आणि गाल फुगवून सुजलेला चेहरा करून दाखवला. आजींनी वर बघितलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"बीज!" त्या ओरडल्या. "बीज!"

माझ्या डोक्यात आलं, आता या घाईत बियाणं कशाला? पण त्यांनी नवऱ्याची बाही धरून मागं ओढलं होतं, तेव्हा मी विचारत बसले नाही. आम्ही तिघंही अंगणापर्यंत पळत आलो. धाप लागलेली असतानाच आजींनी माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ बोलत राहिल्या. त्यातलं "थँक यू" तेवढं कळलं.

संध्याकाळी अक्का उळवीचा प्रसाद घेऊन परतली. मी बाईंसमोर सगळं पुन्हा करून दाखवलं, गाल फुगवण्यासकट. बाईंना हसू आवरेना.

"त्यांना वाटलं, तुम्ही माश्यांना घाबरताय. घरातली माशी, तीसुद्धा फ्लाय."

"म्हंजे ते नाम?" मी विचारलं.

"तुम्ही एकटाच शब्द सोडला, मग त्यांनी तो नाम म्हणून घेतला. त्याच्या आधी नुसतं 'दे' लावायचं. दे फ्लाय, त्या उडतात. मग ते क्रियापदच."

जी सर्वनामं आम्ही टाकून दिली होती, त्यातलं ते. मला इतकी चुटपुट लागली की मी रात्रीचं जेवण वाढता वाढता "दे ईट, दे ड्रिंक" म्हणत राहिले.

अक्काला मात्र पटलं नव्हतं. "अवं बाई, मधमाशी ती माशीच की. हिचं चुकलं कुठं?"

"तू असतीस तर काय म्हटलं असतंस?" मी विचारलं. "तुला तरी मधमाशीचं नाव येत होतं?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "पण मी नुसतं हनी म्हणून बोट दावलं असतं."

 

तेव्हापासून वाटणी मोडली. अक्का माझ्याकडून क्रियापदं शिकली, मी तिच्याकडून नामं, आणि सर्वनामं दोघींनी मिळून. आता आम्ही एकेकट्या पाहुण्यांशी बोलतो. सध्या इन, ऑन, अंडर चाललंय. आपल्याकडं 'वर', 'खाली' हे शब्दाच्या मागं चिकटतात, इंग्रजीत पुढं जाऊन उभे राहतात, हे अक्काला अजिबात मंजूर नाही. परवा एका पाहुण्याची चप्पल सापडेना. अक्कानं दारातूनच सांगितलं, "स्लीपर बेड अंडर." पाहुणा वाकला आणि चप्पल घेऊन उठला. अक्कानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या आणि भात उतरवायला आत गेली.