गेटवरून फोन करणारे खडपेसाहेब

श्री. रघुनाथ खडपे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी माझं काम नाकारलं त्या दिवशी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते. तपासणी खात्यात मुलगी म्हणून मी एकटीच, आणि खडपेसाहेब त्या खात्याचे प्रमुख. दिवसभर खपून तपासलेला सुट्या भागांचा ट्रे मी मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरचाच एक भाग उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, हा तुम्ही मोजलात. पाहिला नाहीत." कडेला धातूचं एक कुसळ राहिलं होतं. सगळा ट्रे परत आला. त्या संध्याकाळी कोपरीच्या आमच्या घरी मी आईपुढे बसून साहेबांच्या नावाने बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर कामावर हजर झाले, कारण कुसळ खरोखरच होतं.

पुढे मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. एवढ्या काळात त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. माल चांगला असला की एकच शब्द, "पास". तो ऐकला की दिवस चांगला जायचा. नाहीतर "परत". त्यावर चर्चा नाही, आवाज चढवणं नाही. मालकांच्या पुतण्याने घाईची ऑर्डर म्हणून एकदा खराब माल पुढे ढकलायला सांगितलं, तेव्हाही साहेब त्याच सुरात "परत" म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले. माझी कामातली मान आजवर ताठ राहिली, त्याचं श्रेय मी त्या शांतपणे उघडलेल्या डब्याला देते.

अशा माणसाला छंद कसला असावा? तर करवंटीच्या वस्तू करण्याचा, आणि त्या फुकट वाटून टाकण्याचा. कारखान्यात टाळेबंदी झाली आणि साहेब घरी बसले, तेव्हा हे सुरू झालं. कोकणातलं घराणं, त्यामुळे स्वयंपाकात नारळ रोजचाच. केराच्या डब्यात टाकलेली करवंटी त्यांनी उचलली, घासून गुळगुळीत केली आणि बांबूची दांडी बसवून तिचा डाव केला. त्यांच्या पत्नी सुमनकाकू सांगतात, "म्हटलं, करताहेत ते बरं आहे. नाहीतर माझ्या भाकऱ्यांची जाडी तपासत बसले असते." टाळेबंदी उठली, साहेब पुढे रीतसर निवृत्त झाले, छंद मात्र राहिला. डावापाठोपाठ दिवे आले, कासवं आली, घुबडं आली, पेनं ठेवायची भांडी आली. आता वर्तकनगरच्या त्यांच्या वसाहतीत कुणी करवंटी टाकून देत नाही. पिशवीत घालून साहेबांच्या दाराच्या कडीला अडकवून जातात.

बाहेरचा काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडायचा, मग कानस, मग तीन प्रकारचे पॉलिश पेपर, शेवटी खोबरेल तेलाचा हात. रोज तासभर बसलं तर एका कासवाला आठवडा सहज जातो. कल्याणच्या बाजारातले एक भेटवस्तूंचे व्यापारी घरी येऊन म्हणाले होते, "काका, तुम्ही फक्त बनवा, विकायचं टेन्शन माझं." साहेबांनी त्यांना चहा दिला, एक दिवा दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. विषय संपला.

वस्तू कुणासाठी हे ठरल्याशिवाय ते करवतीला हात लावत नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा एक दिवस त्यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि म्हणाले, "बाई, ही कानस जरा धरा. वरून नको, खालून. हां, ठेवा." मला वाटलं, आता कानस धरण्यातही चूक निघणार. महिन्याभराने लग्नात त्यांनी एक डाव दिला. त्याची दांडी माझ्या मुठीत अशी बसली की जणू ती तिथेच वाढली होती. स्टीलच्या डिनरसेटांच्या राशीत तो पाहून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, करवंटी दिली?" पुढे डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात त्याच डावासाठी आम्हा दोघींची ओढाताण चालायची, हेही इथे नोंदवून ठेवते.

आता मूळ मुद्द्यावर येते. साहेबांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला त्यांची एक सवय ठाऊक आहे. ते कुणाच्याही घरी थेट येत नाहीत. गेटवर येऊन फोन करतात, "मी खाली आलोय हं." मोबाइल नव्हते तेव्हा खालून हाक मारत. हाक मारूनही लगेच वर येत नाहीत. जिन्यात थांबून चष्मा पुसतात, मुलांशी बोलतात, नोटीस बोर्ड वाचतात. मग सावकाश बेल वाजवतात. तेवढ्या वेळात घराघरांत काय चालतं हे आपल्या सर्वांना माहीत आहे. माळ्यावरचं घुबड खाली उतरतं, कासवावरची धूळ पदराने पुसली जाते, गॅलरीतला दिवा शोकेसमध्ये जातो. दार उघडतं, साहेब आत येतात, आणि शोकेसकडे चुकूनही बघत नाहीत.

मी बरीच वर्षं याला त्यांची शिस्त समजत होते. एकदा विचारलं, तेव्हा खरं कारण कळलं. कोपरीत त्यांचे एक जिवाभावाचे स्नेही राहत, कारखान्यातलेच जोडीदार. त्यांना साहेबांनी एक दिवा दिला होता. पुढे एकदा साहेब न कळवता त्यांच्याकडे गेले, तर दिवा मोरीजवळ उलटा ठेवलेला आणि त्यात कपड्यांचे चिमटे. साहेबांना काहीच वाटलं नाही. स्नेह्यांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर ते साहेबांना टाळू लागले. समोरून दिसले तर रस्ता बदलत. साहेबांनी दोनदा निरोप धाडला, पण गाठ पडली नाही, आणि मग एक दिवस ते गृहस्थ गेल्याचीच बातमी आली. हे सांगून साहेब चष्मा पुसू लागले. म्हणाले, "दिवा माझा, चिमटे त्यांचे. दोन्हीत वाईट काय होतं? मी खालून एक हाक मारली असती, तर माझा माणूस राहिला असता."

ही गोष्ट ठाऊक असल्यामुळेच गौरव समितीच्या बैठकीत मी अस्वस्थ झाले. साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त काय करावं, यावर समितीचे उत्साही चिटणीस नितीन यांनी प्रदर्शनाची कल्पना मांडली. "काकांनी दिलेल्या सगळ्या वस्तू घराघरांतून गोळा करू, हॉलमध्ये मांडू, प्रत्येकीवर घरवाल्याचं नाव. एकदम झक्कास दिसेल." टाळ्या पडल्या. साहेबांनी तेवढी टाळी वाजवली नाही. मग म्हणाले, "दिलेली वस्तू परत मागू नये." नितीन म्हणाले, "अहो काका, मागतोय कुठे? दोन दिवस मांडायची आणि परत. लोकांना पण बरं वाटेल ना." पंचवीस माणसांच्या उत्साहापुढे साहेबांनी मान खाली घातली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. ज्याच्याकडे वस्तू उरली नसेल तो रिकाम्या हाताने येणार, किंवा येणारच नाही. आणि त्यानंतर तो साहेबांना पाहून रस्ता बदलणार. कोपरीच्या एका मित्राचं झालं, ते आता अख्ख्या वसाहतीचं होणार.

शिवाय साहेबांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. डॉक्टरांनी करवत आणि कानस बंद करायला सांगितली आहे. त्यामुळे नवी वस्तू होणं नाही, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती.

प्रदर्शनाच्या आधी, गौरव अंकातल्या या लेखासाठी चार गोष्टी विचाराव्यात म्हणून मी एका दुपारी वर्तकनगरला गेले. जिन्यात एक अतिशय प्रतिष्ठित गृहस्थ भेटले. नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतीलच. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला पाहून ते इतके गडबडले की ऐन गणपतीत मला "शुभ दीपावली" म्हणून खाली निघून गेले. वर जाऊन पाहते तो दारावरची करवंट्यांची पिशवी रिकामी, गॅलरीत भुसा, आणि साहेब डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरून एका कासवाची पाठ घासताहेत.

"साहेब, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

उत्तर काकूंनी दिलं. "अगं, लोक येतात ना एकेक करून, दुपारचे, मान खाली घालून. 'काका, ते घुबड कुठे ठेवलंय, सापडतच नाही हो.' की हे म्हणतात, 'सापडेल, शुक्रवारी या.' आणि बसतात करायला. महिनाभर हेच चाललंय. तुला सांगते वंदना, आमच्या घरात यांनी केलेली एक वस्तू नाही. कुणी छान म्हटली की गेली. माझा डाव स्टीलचा आहे."

"किती जण येऊन गेले?" मी विचारलं.

"ते सांगायचं नसतं," साहेब म्हणाले. "माल खराब निघाला तर बदलून द्यायचा, ही आपल्या कंपनीची पद्धतच होती."

"खराब कुठे निघाला? त्यांनी हरवला."

"वंदना, नुसती शोकेसमध्ये ठेवण्याजोगी वस्तू दिली, म्हणून ती माळ्यावर गेली, यात देणाऱ्याचीही काही चूक असेल. आणि आता माणसं स्वतःहून दारात येताहेत. कोपरीचा तो नाही आला." एवढं बोलून त्यांनी पुन्हा मनगट धरलं.  मी पदर खोचला आणि दुसरा पॉलिश पेपर उचलला.

प्रदर्शन झालं आणि थाटात झालं. कुणीही रिकाम्या हाताने आलं नाही. इतक्या वर्षांत एकाही घरातून एकही वस्तू हरवली नाही, याचं नितीन यांनी भाषणात भरभरून कौतुक केलं. टाळ्या वाजवताना बरीच मंडळी जमिनीकडे बघत होती. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तपासणीच्या कामात मी साहेबांचीच शिष्या, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे मला लांबूनही कळत होतं. नव्या कासवांच्या पाठीवर रेघा भरकटल्या होत्या. घुबडांचे डोळे एका पातळीत नव्हते. एका दिव्याची कड तर माझ्या अंगठ्याला चक्क टोचली. ज्या माणसाने एका कुसळासाठी माझा अख्खा ट्रे परत केला होता, त्याने हे सगळं आपल्या हाताने लोकांना दिलं होतं, आणि तेही माणसं राहावीत म्हणून. मी एकही वस्तू नाकारली नाही. उलट सगळ्यांत वाकड्या घुबडापुढे उभी राहून रडले, हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

हे सारं मी साहेबांची परवानगी न घेता छापते आहे. त्यांना विचारलं असतं तर "परत" म्हणाले असते. पण आपल्यापैकी प्रत्येकाला वाटतं आहे की शुक्रवारी दुपारी साहेबांकडे गेलेला तो आपण एकटाच. मंडळी, तुम्ही एकटे नव्हता. जिन्यात रांग होती. तेव्हा आता साहेब गेटवरून फोन करतील तेव्हा घुबड माळ्यावरच राहू द्या आणि त्यांना खुशाल वर बोलवा. चिमटे ठेवले असतील तर चिमट्यांसकट दिवा दाखवा. त्यांना वस्तू बघायची नसते, तुम्ही दार उघडलेलं बघायचं असतं.

माझ्या डावाचं काय झालं तेही सांगते. रोजच्या आमटीने तो काळा पडला आहे. एका बाजूची कड पातेल्याच्या बुडाला घासून तिरकी झिजली आहे. दांडी मी एकदा बदलली, बदलायला साहेबांनीच शिकवलं होतं. प्रदर्शनाच्या मांडणीच्या वेळी नितीन यांनी तो हातात घेऊन मागेपुढे पाहिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हा जरा मागच्या लाइनीत ठेवू का? फोटोत काळा येईल." तेवढ्यात साहेब तिथे आले. त्यांनी डाव उचलला. थरथरत्या अंगठ्याने ती झिजलेली कड या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, पुन्हा एकदा चाचपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास." आणि तो सगळ्यांत पुढे ठेवला. दुसऱ्या दिवसासाठी तो तिथे सोडायला मी तयार नव्हते. घरी आमटी व्हायची होती. समितीशी थोडा वाद घालून तो मी त्याच संध्याकाळी डोंबिवलीला घेऊन आले.

साहेब, आता थोडं तुमच्याशी. तुम्हाला दीर्घायुष्य चिंतायला आजच्या पंचाहत्तरीच्या समारंभात पुष्कळ जण उभे राहतील आणि ते मनापासूनच बोलतील. मी मात्र कामाचं सांगते. डावाची कड फार झिजली आहे. अजून काही वर्षं तो नक्की टिकेल, मग नवा लागेल. तोही झिजवायला मला बराच काळ लागेल, आणि त्यानंतर तिसरा. हे सगळे तुम्हीच करायचे आहेत, तेव्हा प्रकृती सांभाळा, डॉक्टरांचं ऐका, काकूंचं त्याहून जास्त ऐका, आणि पहिला डाव त्यांच्यासाठी करा. करवत मी धरेन. हात थरथरला तर थरथरू द्या. तपासणीला मी आहे.