मोकळ्या गाडीचा ब्रेक

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. अक्काजवळ तर नाहीच. ती गेली, तिचे दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी परतले — आणि आता मी लिहायला बसलो आहे. म्हणजे जिला सांगायला हवं होतं ती ऐकायला उरली नाही, याची आधी खात्री करून घेतली. एवढ्यावरूनच माणूस कसा आहे ते तुम्हाला कळलं असेल. पुढचं वाचलं नाहीत तरी मी समजू शकतो.

अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान — मी त्यांना भावजी म्हणत असे — औषधं देत. पदवी नव्हती, पुण्याला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, तिथे हात बसलेला. सोलापुरात डॉक्टर पुष्कळ, म्हणून त्यांनी वळसंगकडची, अक्कलकोटाच्या वाटेवरची खेडी धरली. त्यासाठी एक जुनी मालमोटार घेतली आणि सुताराकडून तिच्या पाठीवर चक्क एक खोली बांधून घेतली. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, दोन खिडक्या, मागे पायरी. आत दोघांची खाट, औषधांचं सागवानी कपाट, पाण्याचं पिंप, शेगडी, कोळशाचं पोतं, देवांची पेटी. अक्कानं खिडक्यांना पडदे लावले. खेड्यात गाडी थांबली की बायका औषधाआधी घर बघायला येत.

"अगं बाई, शेगडी बी हाय की आत! पाहुणं आलं तर बसवता कुटं वो?"

"चाकावर," अक्का म्हणायची. तिला अशी थट्टा आवडे.

गाडी मात्र कधी धड चालली नाही. जरा चढ आला की इंजिनातलं पाणी उकळायचं. पिंप गळून गळून त्या कोपऱ्यातली फळी कुजली होती. बोट लावलं तर भुसा निघे. कपाटाच्या बाजूच्या चाकावरच्या कमानी दबून बसल्या होत्या, त्यामुळे गाडी सदा एका अंगाला कललेली. स्टिअरिंग बरंच फिरवावं तेव्हा कुठे चाकं वळायची. आणि ब्रेक. मालमोटारीवरचा माल गावी पोचला की उतरतो, तिला तेवढी तरी उसंत मिळते. या गाडीवर चढवलेलं घर कधीच उतरत नसे. त्या ओझ्याखाली ब्रेकचे पट्टे झिजले होते. उतारावर भावजी पाय दाबून धरत आणि गाडी आपल्या मनानं, सावकाश, पुढे जाऊन थांबे. चढावर थांबावं लागलं तर अक्का मागच्या दारानं उडी टाकून चाकाखाली दगड लावायची. त्यासाठी एक चांगला काळा दगड तिनं पायरीपाशी कायमचा ठेवला होता. संसारातल्या भांड्यासारखा.

घर उतरत नसे म्हणालो — वर्षातून एकदा उतरे. मोटारी पास करण्याच्या दिवशी.

सोलापुरात सात रस्त्याच्या चौकापुढे एका मैदानात तेव्हा मोटारी तपासत. भोंगा, दिवे, टायर, स्टिअरिंग बघायचे आणि शेवटी ब्रेक. जमिनीवर चुन्याची रेघ मारलेली असे. गाडी वेगानं आणायची आणि रेघेच्या आत उभी करायची. त्या दिवशी सकाळी आम्ही मैदानाच्या भिंतीमागे लिंबाखाली गाडी नेऊन अख्खं घर खाली काढत असू. खाट, कपाट, पिंप, शेगडी, पोतं, देव. अक्का त्या ढिगाजवळ बसून राही. गाडी हलकी होऊन आत जाई, रेघेच्या कितीतरी अलीकडे थांबे, पास होई, आणि बाहेर येऊन पुन्हा घर अंगावर घेई. कुजक्या फळीवर भावजी तेवढ्यापुरतं तरट टाकत. आम्हाला यात काही वावगं वाटत नसे. उतारू नेणारे सर्व्हिस मोटारवालेही टपावरचं सामान उतरवूनच आत जात. वाटेनं जाणारा एखादा टांगेवाला विचारी, "काय वो, बिऱ्हाड बदलताय व्हय?" आणि भावजी हसून सांगत, "गाडी तपासतात हो, घर थोडंच तपासतात!"

मी हसत असे. मी तिथे असण्याचं कारण एवढंच की मला इंग्रजी येई. शाळेत शिकवत होतो. तपासणीचे साहेब आपल्याकडचेच होते, पण कामावर असताना इंग्रजीच बोलत, आणि कोटटोपीतला एखादा मास्तर दिसला की थोडे मऊ होत. भावजींना माझा असा उपयोग होता.

आता त्या वर्षाचं सांगतो. अजून आडवळणानंच चाललो आहे, कळतंय मला.

कपाट उतरवून भावजी गाडीचं तोंड पुसायला गेले तेव्हा अक्कानं मला ढिगामागे बोलावलं. पदर सावरला, इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, "दत्तू, साहेबांना सांग की रे, गाडी भरली की ब्रेक लागत नाही म्हणून. ह्यांना सांगून मी थकले. साहेबांनी नाही म्हटलं तरच हे दुरुस्त करतील. मी कशी बोलू? तू सांग. मला त्या दगडाची भीती वाटायला लागलीय."

आमच्या घरातल्या बाईनं नवऱ्याला डावलून परक्या साहेबाशी बोलणं तेव्हा होण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं माझं तोंड मागितलं. मी म्हणालो, सांगतो. आणि खरंच सांगायचं ठरवून आत गेलो — की नव्हतं ठरवलं? इतक्या वर्षांनी यात फरक तरी काय पडतो?

गाडी रेघेच्या आत थांबली. भावजी बॉनेट उघडून दाखवत होते. साहेब मागच्या बाजूनं आत चढले आणि मी त्यांच्यामागे. आत आम्ही दोघंच. त्यांनी खाली पाहिलं. कपाट जिथे असे तिथे फळ्यांवर फिकट चौकोन उमटला होता, खाटेच्या पायांचे खळगे होते. टोपी मागे सारून त्यांनी विचारलं, रोजच्या प्रवासात हिच्यात काय वजन असतं?

प्रश्न समोर आला होता. मला तोंडसुद्धा आपणहून उघडावं लागणार नव्हतं, फक्त उत्तर द्यायचं होतं.

"एक हलकी खाट आणि औषधांची एक पेटी, सर," मी म्हणालो. "हे डाग आधीच्या मालकाच्या सामानाचे." इंग्रजीत. व्याकरणाची एकही चूक नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, उतरले, आणि गाडी पास झाली.

का? भावजींची भीड पडली असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खोटं. भावजींना मी कधी भ्यालो नाही. आधल्या वर्षी गाडीचा आस मोडला तेव्हा ते दोघं माझ्या दोन खोल्यांत पावसाळाभर राहिले होते. मी एकटा माणूस. पहाटे भावजींच्या गुळण्यांचा आवाज, पुस्तकांच्या फळीवर त्यांच्या बाटल्या, सगळ्या घराला कार्बोलिकचा वास, आणि अक्काचं दर थोड्या वेळानं, "दत्तू, जेवतोस ना? दत्तू, डोळे बिघडतील." गाडी नापास झाली असती तर ते दोघं त्याच संध्याकाळी ट्रंका घेऊन माझ्या दारात आले असते. परीक्षा संपत आल्या होत्या. टपालानं मागवलेली पुस्तकं येऊन पडली होती. मला सुट्टीभर शांतपणे वाचायचं होतं.

एवढंच. याहून मोठं कारण नाही. असतं तर निदान लिहायला बरं वाटलं असतं. किळस येते ती याचीच — इतक्या बारक्या, चिकट गोष्टीसाठी! माशी हाकलावी तसं मी बहिणीला हाकललं.

बाहेर आल्यावर अक्कानं डोळ्यांनीच विचारलं. मी हळूच म्हणालो, "सांगितलं. ते म्हणाले, चालतं एवढं." ती मग कपाटाची एक बाजू धरायला उठली.

चैत्रात वळसंगच्या पुढच्या एका ओढ्यात गाडी उतरली आणि पलीकडच्या चढावर बंद पडली. अक्कानं नेहमीप्रमाणे दगड घेऊन उडी टाकली. ब्रेक धरेना. घर मागे आलं. दगड लागला, पण तिचा पाय निघण्याच्या आत नाही. बैलगाडीतून तिला सोलापुरात आणलं, आणि मोठ्या दवाखान्यात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

इथे थांबलो असतो तर मी नुसता भ्याड ठरलो असतो. पण तपासणीचे साहेब दवाखान्यात आले. अपघाताची चौकशी होती; माणूस पाठवता आला असता, ते स्वतः आले. टोपी काढून खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. कधी परपुरुषाशी न बोललेली माझी बहीण कोपरावर उठली आणि ओरडली, "माझ्या भावानं तुम्हाला सांगितलं होतं! ब्रेक लागत नाही म्हणून सांगितलं होतं! तुम्ही म्हणालात, चालतं! चालतं का? बघा की आता, कसं चालतं ते!"

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ते मराठीत बोलले. "मास्तर, तुम्ही मला काय सांगितलं होतं ते तुम्हीच सांगा यांना."

औषधांचा उग्र वास होता. अक्का माझ्याकडे बघत होती, भावजी बघत होते. मी म्हणालो, "सांगितलं होतं, साहेब. आपल्या ध्यानात राहिलं नसेल." वर स्टूल पुढे केलं आणि म्हणालो, "बसा ना."

ते बसले नाहीत. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. चालताना चपलेला काही लागलं की आपण खाली बघतो ना, तसं. मग टोपी घालून निघून गेले. पुढे बाजारात बोलणं पसरलं की साहेबानं हात ओले करून घेऊन गाडी सोडली. ते मी उठवलं नाही, पण कुणाला अडवलंही नाही. पावसाळ्याआधी त्यांची बदली झाली. यामुळे झाली की कसं, मी कधी चौकशी केली नाही.

गाडी मोडीत गेली. अक्का आणि भावजी माझ्याच दोन खोल्यांत आले. भावजी काही वर्षांनी वारले; अक्का कुबडीवर माझा स्वयंपाक करत राहिली. गल्लीतले लोक म्हणत, भाऊ असावा तर मास्तरांसारखा. दर भाऊबीजेला ती भिंतीला टेकून उभी राही, मला ओवाळी आणि शेजारच्या पोरींना सांगे, "माझा भाऊ कधी खोटं बोलायचा नाही. साहेबाच्या तोंडावर खरं सांगणारा आहे तो." मी मान खाली घालत असे. त्याला त्या विनय म्हणत. तिच्या तोंडून ते ऐकलं की सुरुवातीला मी काही निमित्त काढून पाटावरून उठे. पुढे पुढे तेही थांबलं. पुढे पुढे — हेही लिहून टाकतो — ते ऐकायला मला बरं वाटू लागलं.

भावजींच्या घराण्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिची क्रिया मीच केली. दहाव्या दिवशी तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळे होते, पण शिवेनात. ऊन वर चढू लागलं. गुरुजी म्हणाले, कशात तरी जीव अडकलाय बाईंचा. शेजारचे दोघे-तिघे काही ना काही कबूल करून झाले. मग सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही बोला. त्यांचा तुमच्यावर फार जीव."

कावळ्याला काही कळतं असं मी मानत नाही. पण त्या क्षणी बोलायची जागा होती, माणसं होती, आणि तिच्या नावाचा भात समोर होता. मी पुढे झालो, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "अक्का, तुझ्या पाठीमागेही मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही."

एक कावळा उतरला आणि त्यानं सरळ पिंडात चोच घातली.

लोकांनी हात जोडले. एका म्हातारबाबांनी डोळे पुसले. "बघा," ते म्हणाले, "भावाच्या शब्दासाठीच थांबली होती माउली." मी आंघोळ करून घरी आलो. शेजारणीनं पान वाढलं होतं. मी पोटभर जेवलो, आणि शेवटी ताक मागून घेतलं.