नोरीनच्या दुकानात बंद झालेला शब्द

आमच्या गावात सॉरीशिवाय पान हलत नाही. वाट हवी, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी? दुकानदाराला हाक मारायचीय, तरी सॉरीच. धक्का लागला की देणारा म्हणतो आणि ज्याला लागला तोपण म्हणतो. आणि कुणी गेलं की त्यांच्या घरी रांग लावायची, घरच्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, सॉरी, फार वाईट झालं.

म्हणूनच नोरीनने तो शब्द तिच्या दुकानात बंद केला. तिचा मुलगा फिन्टन समुद्रात खेकडे धरायला गेला. बोट सापडली, तो नाही. कुणीतरी हात पुढे करून सॉरी म्हणालं तर ही किंचाळली, "कशाबद्दल? मेलाय का माझा मुलगा?" तेव्हापासून आम्ही तिथे पाव घ्यायला जायचो आणि मुक्यासारखे एकमेकांना कोपराने ढोसायचो.

त्यात ती दाराची घंटा. बाहेर कुणी नसताना वाजायची. नोरीन मान वर न करता म्हणायची, "पाय पूस रे." आणि आम्ही, शप्पथ, सगळे बाजूला सरायचो. हसायचं कुणी नाही.

त्या शनिवारी परत वाजली. आम्ही सरलो. म्हातारा मॅलकी काउंटरवरचं बेकन बघण्यात गुंग. एकदम अंग चोरून म्हणाला, "सॉरी हं."

सगळे गार.

"कुणाला म्हणालास?" नोरीनने विचारलं.

"अगं, आत्ता कुणीतरी घासून गेलं ना..." मॅलकीने वळून पाहिलं. कुणीच नव्हतं. त्याची बाही ओली होती.

मला वाटलं आता ही त्याला हाकलणार. पण तिने हळू विचारलं, "आणि तो? तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"नीट आठव, म्हाताऱ्या. सॉरी म्हणाला असेल."

"नाही गं, नोरीन."

"खांबाला धडकला तरी म्हणायचा तो." ती दाराकडे बघत राहिली. "बोलता येत असतं तर म्हणाला असता."

तिने ॲप्रन सोडला, काउंटरमागून बाहेर आली, बटाट्याच्या पोत्यांपाशी उभी राहिली आणि हात पुढे केला. मॅलकीने टोपी काढून तो धरला. "सॉरी, नोरीन." त्याच्यामागे माझी आई. मग सगळेच.

माझी पाळी आली तर माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. तिनेच माझा हात दाबला.

"म्हण गं," ती म्हणाली. "आता चालेल."